टाकाऊचे मोल : जैवभार-विजेच्या दरांचा वाद आणि आंध्र प्रदेशातील पर्व

भारतीय वीजक्षेत्राचा इतिहास बहुधा धरणे, कोळशाच्या खाणी आणि अणुभट्ट्या यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. भाताचे तूस, भुईमुगाची टरफले, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाची चिपाडे आणि माळरानावरील वेडी बाभूळ यांपासून होणाऱ्या वीजनिर्मितीला या इतिहासात तळटीपेइतकीच जागा मिळते. उत्पादनाचे प्रमाण पाहता ते स्वाभाविकही आहे. तथापि नियमनाच्या इतिहासाच्या दृष्टीने हे छोटे क्षेत्र मोठ्या क्षेत्रांहून अधिक बोलके ठरते. शासनाने दिलेले आश्वासन कुठवर बंधनकारक, नियामकाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि ज्या वस्तूला कालपर्यंत किंमत नव्हती तिची किंमत कोणी ठरवावी, हे तीनही प्रश्न येथे एकाच वेळी उपस्थित झाले. त्यांची सर्वांत दीर्घ आणि सुस्पष्ट मांडणी आंध्र प्रदेशात झाली. त्या वादाचा क्रम, त्यामागील हिशेब आणि त्यातून निघालेले तत्त्व यांचा येथे विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी : प्रोत्साहनाची भाषा

1948 च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची व्यवस्था उभी केली. वीज कोणाकडून घ्यायची आणि कोणत्या दराने विकायची, हे मंडळ आणि राज्य शासन यांच्यात ठरत असे. खाजगी उत्पादकाला तीत फारसे स्थान नव्हते. 1973 नंतरच्या तेलसंकटाने पर्यायी ऊर्जेचा विचार पुढे आला. 1982 मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाला आणि 1992 मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालयात रूपांतर झाले. या मंत्रालयाने 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात राज्यांना मार्गदर्शक सूत्रे पाठविली. 1994-95 हे आधारवर्ष धरून प्रतियुनिट 2 रुपये 25 पैसे दर द्यावा आणि त्यात दरवर्षी पाच टक्के वाढ करावी, अशी शिफारस त्यांत होती.

या सूत्राचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. वारा, लहान जलप्रवाह, चिपाडे आणि तूस या सर्वांना एकच दर लावलेला होता. वाऱ्याला इंधन लागत नाही, तुसाच्या वीजकेंद्राला रोज शेकडो टन लागते, हा भेद सूत्रात उमटलेला नाही. कारण सूत्राच्या मुळाशी खर्चाचा हिशेब नव्हता, प्रोत्साहनाचा हेतू होता. शासकीय कागदपत्रांत या पदार्थांचा उल्लेख ‘टाकाऊ’ किंवा ‘अवशेष’ असा होत असे. टाकाऊ वस्तूला भाव नसतो. तेव्हा ती जाळून होणाऱ्या विजेचा इंधनखर्चही नगण्यच राहील, हे गृहीत या शब्दांतच सामावलेले होते. पुढील वीस वर्षांच्या वादाचे बीज या गृहीतात आहे.

आंध्र प्रदेश शासनाने हे धोरण उत्साहाने स्वीकारले. 18 नोव्हेंबर 1997 च्या शासन आदेशाने अपारंपरिक ऊर्जाप्रकल्पांना सवलती जाहीर झाल्या. वीज वाहून नेण्याचा आकार अल्प ठेवण्यात आला आणि उत्पादकाला आपली वीज त्रयस्थ ग्राहकाला विकण्याची मुभा मिळाली. 22 डिसेंबर 1998 च्या आदेशाने सव्वादोन रुपयांचा दर आणि पाच टक्क्यांची वार्षिक वाढ हे सूत्र 2000 सालापर्यंत सर्व प्रकल्पांना एकसारखे लागू केले. कृष्णा-गोदावरीच्या भातपट्ट्यात गिरण्यांबाहेर तुसाचे ढीग साचत होते. सूत्रही आकर्षक होते. उद्योजकांनी कर्जे काढली आणि केंद्रे उभी राहू लागली.

आयोगाचा प्रवेश

याच सुमारास वीजव्यवस्थेची घडी बदलत होती. ओरिसाने 1996 मध्ये नियामक आयोगाचा पहिला प्रयोग केला. 1998 मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षीच्या आंध्र प्रदेश वीज सुधारणा कायद्यानुसार 1999 मध्ये त्या राज्याचा वीज नियामक आयोग कार्यरत झाला. मंडळाचे विभाजन होऊन पारेषण आणि निर्मिती यांच्या स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. दर ठरविण्याचे काम शासनाच्या हातून एका अर्धन्यायिक संस्थेकडे गेले.

आयोगाला लाभलेला काळ शांततेचा नव्हता. 2000 साली वीजदरवाढीविरुद्ध राज्यभर आंदोलन पेटले. 28 ऑगस्ट रोजी हैदराबादच्या बशीरबाग भागात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. विजेचा दर हा केवळ लेखापालाचा विषय नाही, हे त्या दिवसाने दाखवून दिले. पारेषण कंपनी उत्पादकाला जो दर देते, तो अखेर ग्राहकाच्या देयकात किंवा शासनाच्या अनुदानात उतरतो. यापुढे आयोगासमोरील प्रत्येक सुनावणीत उत्पादकाच्या मागे बँक आणि पारेषण कंपनीच्या मागे ग्राहक, असे दोन अदृश्य पक्ष उभे असत.

20 जून 2001 रोजी आयोगाने अपारंपरिक विजेसंबंधी पहिला महत्त्वाचा आदेश दिला. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, उत्पादकांनी आपली वीज पारेषण कंपनीलाच विकावी. त्रयस्थ विक्रीची मुभा संपली. दुसरी, सव्वादोन रुपये आणि पाच टक्के वाढीचे जुने सूत्र पुढे चालू राहील. तिसरी, 1 एप्रिल 2004 पासून लागू होणाऱ्या दरांचा फेरविचार होईल. शिवाय प्रकल्प सुरू झाल्यापासून दहा वर्षांनी, म्हणजे कर्जे फिटल्यावर, आणखी एक विशेष फेरविचार होईल. उत्पादकांनी या चौकटीत वीजखरेदी करार केले. मुक्त विक्रीचा मार्ग बंद झाला तरी निश्चित सूत्र हाती होते, आणि त्या सूत्रावर बँका कर्ज देत होत्या.

2004 चा आदेश आणि दोन वाचने

पाच टक्क्यांच्या चक्रवाढीने सव्वादोन रुपयांचा दर 2003-04 मध्ये साडेतीन रुपयांच्या घरात पोहोचला. 20 मार्च 2004 रोजी आयोगाने फेरविचाराचा आदेश दिला आणि तो 1 एप्रिलपासून लागू झाला. त्याने सर्व स्रोतांना एकच दर ही पद्धत मोडली. जैवभार केंद्रांसाठी दराचे दोन भाग झाले. भांडवल, व्याज, घसारा आणि देखभाल यांचा स्थिर भाग केंद्राच्या वयाबरोबर दरवर्षी कमी होत जाणार होता. इंधनाचा चल भाग वेगळा मोजला जाणार होता. एकंदर दर जुन्या सूत्राने येणाऱ्या दरापेक्षा बराच खाली आला.

वाद पेटला तो या ठिकाणी. वरवर पाहता तो दराचा वाद होता. प्रत्यक्षात तो एका शब्दाच्या अर्थाचा होता. ‘फेरविचार’ म्हणजे काय? उत्पादकांच्या मते शासनाने दिलेले प्रोत्साहन हा फेरविचाराचा पाया होता. त्याच्या मर्यादेत राहून वाढीचे प्रमाण तपासता येईल, पाया खणून काढता येणार नाही. कर्जफेडीनंतरचा विशेष फेरविचार दहा वर्षांनी होणार असे आदेशातच म्हटले असताना स्थिर खर्चाची मोजणी आधीच मांडणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे होय. आयोग आणि पारेषण कंपनी यांचे वाचन वेगळे होते. फेरविचाराची तरतूद करारातच आहे. ती वाचूनच उत्पादकांनी सही केली. ग्राहकाच्या हिताची जबाबदारी कायद्याने आयोगावर टाकलेली आहे आणि कोणत्याही शासन आदेशाने ती कमी होत नाही.

दोन्ही वाचनांना कायद्याचा आधार होता, ही या वादाची खरी अडचण. 10 जून 2003 रोजी अंमलात आलेल्या विद्युत कायद्याने नियामकावर एकाच वेळी तीन कर्तव्ये सोपविली : ग्राहकाच्या हिताचे रक्षण, उत्पादकाला वाजवी रीतीने खर्च वसूल होण्याची हमी आणि नवीकरणीय स्रोतांतून होणाऱ्या निर्मितीस उत्तेजन. यांपैकी कोणते कर्तव्य कोणत्या प्रसंगी वरचढ मानावे, हे कायद्याने सांगितले नाही. ते सांगण्याचे काम दरपत्रकावर पडले.

उत्पादक नव्याने स्थापन झालेल्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेले. 2 जून 2006 रोजी न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने कौल देऊन 2004 चा आदेश रद्द केला. पारेषण कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 8 जुलै 2010 रोजी ‘ट्रान्समिशन कॉर्पोरेशन ऑफ आंध्र प्रदेश विरुद्ध साई रिन्यूएबल पॉवर’ या नावाने ओळखला जाणारा निर्णय आला. दर ठरविण्याचा आणि त्याचा फेरविचार करण्याचा अधिकार आयोगाला आहे. करारात फेरविचार अंतर्भूत असताना, दिलेल्या वचनापासून मागे फिरता येत नाही या तत्त्वाचा आधार उत्पादकांना घेता येणार नाही. दरनिश्चिती हे तज्ज्ञ संस्थेचे काम असून न्यायालयाने तिच्या जागी बसू नये, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर उत्पादकांना नव्याने ऐकून दर ठरवावा, म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठविले.

म्हणजे अधिकाराचा प्रश्न सुटला; पैशांचा सुटला नाही. आयोगाने 2011 मध्ये नवा आदेश दिला. तोही अपिलात गेला आणि डिसेंबर 2012 मध्ये न्यायाधिकरणाने इंधनवापराचे निकष पुन्हा तपासून आयोगाला सुधारित गणनेचे निर्देश दिले. 2004 साली सुरू झालेल्या दराचा हिशेब 2013 मध्येही चालू होता. 2 जून 2014 रोजी राज्याचे विभाजन झाले आणि वादातील केंद्रेही दोन राज्यांत विभागली गेली.

तुसाचे गणित

न्यायालयीन निर्णयांत अधिकार, वचन, लोकहित असे भारदस्त शब्द दिसतात. सुनावण्यांतील बराच वेळ मात्र तीन साध्या आकड्यांवर खर्ची पडला : एक युनिट विजेसाठी किती किलोकॅलरी उष्णता लागते, एक किलो इंधनातून ती किती मिळते आणि एक टन इंधनाची किंमत काय. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की प्रतियुनिट लागणारे इंधन मिळते. त्याला किमतीने गुणले की इंधनखर्च.

या आकड्यांचा प्रवास केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या विनियमांत स्पष्ट दिसतो. 2009 च्या विनियमांत उष्णतेची गरज 3800 किलोकॅलरी धरली होती आणि इंधनाचे उष्णतामूल्य राज्यनिहाय दिले होते. महाराष्ट्रासाठी ते 3611 होते. त्यानुसार एका युनिटला सुमारे 1.05 किलो इंधन पुरावे. 2012 मध्ये हे आकडे 4000 आणि 3300 झाले, इंधन 1.21 किलोवर गेले. 2014 च्या दुरुस्तीत फिरत्या जाळीच्या बाष्पकांसाठी 4200 आणि उष्णतामूल्य 3174 ठरले, इंधन 1.32 किलो झाले. पाच वर्षांत यंत्रे बिघडली किंवा तूस निकृष्ट झाले, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्यक्षात जे पूर्वीपासून घडत होते ते कागदावर हळूहळू उमटले. अवशेष ओले असतात, त्यांत माती असते. पीक दोन महिन्यांत निघते आणि भट्टी वर्षभर पेटती ठेवावी लागते. साठविलेला माल पावसाळ्यात भिजतो व कुजतो.

या फरकाचे मोल किती? दहा मेगावॅटचे केंद्र ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला सुमारे सात कोटी युनिट वीज होते. म्हणजे दरातील एका पैशाचा फरक सात लाख रुपयांचा. प्रतियुनिट 1.05 किलोऐवजी 1.32 किलो इंधन लागल्यास वर्षाला सुमारे 19 हजार टन जास्तीचे इंधन विकत घ्यावे लागते. 2009 च्या विनियमांत महाराष्ट्रासाठी धरलेल्या टनामागे 1801 रुपये या किमतीनेही ती रक्कम जवळपास साडेतीन कोटी होते. एवढी रक्कम कर्जाचा हप्ता बुडवायला पुरेशी आहे. उलट निकष सैल धरल्यास तेवढीच रक्कम ग्राहकाच्या खिशातून विनाकारण जाते. नियामकाचे आसन या दोन शक्यतांच्या मध्ये होते.

तिसरा आकडा, म्हणजे किंमत, तर सर्वांत चंचल. तुसावर वीटभट्ट्या आणि कारखान्यांचे बाष्पक पूर्वीपासून चालत होते. वीजकेंद्रे आली तेव्हा त्याच ढिगासाठी आणखी एक ग्राहक उभा राहिला. वीजकेंद्रांच्या आगमनानेच त्यांचे इंधन महाग होऊ लागले. ‘टाकाऊ’ हा शब्द या अर्थाने स्वतःलाच खोटा पाडणारा होता : ज्या क्षणी टाकाऊ वस्तूचा उपयोग धोरण म्हणून जाहीर झाला, त्या क्षणी ती टाकाऊ राहिली नाही.

महाराष्ट्र आणि गुजरात : तत्त्वाची बाजूपालट

महाराष्ट्रातील अनुभव या निरीक्षणाला पुष्टी देतो. तेथील आयोगाने 16 ऑगस्ट 2002 रोजी चिपाडांवर आधारित सहवीजनिर्मितीचा दर ठरविला आणि 2005 मध्ये स्वतंत्र जैवभार केंद्रांचा. या दोन वर्गांतील भेद निर्णायक होता. साखर कारखान्याची चिपाडे त्याच्याच गाळपातून निघतात. इंधन स्वतःच्या आवारात असते. विदर्भातील स्वतंत्र केंद्राला मात्र प्रत्येक गाडी बाजारातून आणावी लागते. पहिल्या वर्गाने सहकारी साखर उद्योगाच्या आधाराने जम बसविला. दुसरा वर्ग इंधनाच्या भाववाढीचे गाऱ्हाणे घेऊन आयोगाच्या दारी पुन्हापुन्हा येत राहिला.

गुजरातमध्ये हेच गाऱ्हाणे कायद्याच्या कसोटीला लागले. तेथील जैवभार उत्पादकांनी करारात ठरलेला दर इंधन महागल्यामुळे वाढवून मागितला. वीज खरेदी करणाऱ्या कंपनीचे म्हणणे होते की, करार म्हणजे करार. त्यात बदल करता येत नाही. 2 डिसेंबर 2013 रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने जुनागड येथील व इतर प्रकल्पांच्या प्रकरणात उत्पादकांची बाजू मान्य केली : परिस्थिती बदलल्यास आयोग कराराच्या दराचा फेरविचार करू शकतो. 5 जुलै 2016 रोजी ‘तारिणी इन्फ्रास्ट्रक्चर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, योग्य प्रसंगी करारातील दर तपासण्याचा आयोगाचा अधिकार उचलून धरला.

हैदराबाद आणि अहमदाबाद येथील युक्तिवाद शेजारी ठेवून वाचले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. आंध्रात उत्पादक म्हणत होते, दिलेल्या शब्दाला हात लावू नका; कंपनी म्हणत होती, फेरविचार हा आयोगाचा अधिकार आहे. गुजरातमध्ये कंपनी म्हणाली, शब्दाला हात लावू नका. उत्पादक म्हणाले, फेरविचार करा. तत्त्वे तीच राहिली, पक्षांनी जागा बदलल्या. ज्या अधिकाराने 2004 मध्ये दर खाली आणला, तोच अधिकार 2013 मध्ये उत्पादकांचा आसरा झाला. यात कोणाचा दुटप्पीपणा शोधण्याचे कारण नाही. जुन्या सूत्राची चक्रवाढ खर्चाच्या पुढे धावत होती तोवर स्थैर्य उत्पादकाला लाभदायक होते. तुसाचा भाव सूत्राच्या पुढे धावू लागला तेव्हा तेच स्थैर्य त्याच्या गळ्याशी आले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निर्णयाकडे केवळ उत्पादकांचा पराभव म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

अनुपस्थित पक्ष

या साऱ्या वादात एक पक्ष मात्र औपचारिक रीतीने जवळजवळ कधीच उपस्थित नव्हता, तो म्हणजे शेतकरी. दराच्या गणनेत ‘इंधनाची किंमत’ हा आकडा आहे. परंतु ती केंद्राच्या फाटकापाशी मोजलेली किंमत आहे. तिच्यात गोळा करणाऱ्याची मजुरी, वाहतूक आणि दलाली सर्व मिसळलेले असते. ज्याच्या बांधावरून काडी उचलली गेली त्याच्या हाती किती पडते, हा प्रश्न आयोगांच्या कक्षेत येत नव्हता. मराठीत या वस्तूंसाठी ‘टाकाऊ’ हा शब्द शेतकरी सहसा वापरत नाही. त्याच्या लेखी पऱ्हाटी आणि तुराटी हे चुलीचे जळण आहे, कुंपण आहे, छपराचा आधार आहे. कडबा तर गुरांचे अन्नच. या जुन्या उपयोगांना दरपत्रकात रकाना नव्हता.

पुढील काळात वाऱ्याच्या आणि विशेषतः सूर्याच्या विजेचे दर लिलावपद्धतीने झपाट्याने उतरले. मे 2017 मध्ये राजस्थानातील भाडला येथे सौरविजेची बोली 2 रुपये 44 पैशांवर आली. जैवभाराला ती वाट उपलब्ध नव्हती, कारण सूर्य इंधनाचे देयक पाठवीत नाही. तरीही प्रश्न संपला नाही. पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट शेतातच जाळल्याने उत्तरेत होणाऱ्या प्रदूषणामुळे त्याला नवे रूप आले. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राने कोळशाच्या वीजकेंद्रांत पेंढ्यापासून केलेल्या गोळ्या ठरावीक प्रमाणात मिसळणे आवश्यक केले. गोळ्यांचा भाव किती असावा, तो वीजदरात कसा उतरावा आणि शेतकऱ्याला त्यातून काय मिळावे, हे प्रश्न त्याबरोबर पुन्हा पुढे आले. सव्वादोन रुपयांच्या सूत्रात जे विचारलेच गेले नव्हते, ते आता टाळता येण्याजोगे राहिले नाही.

समारोप

जैवभार-विजेच्या दरांचा हा इतिहास तीन गोष्टी स्पष्ट करतो. शासनाचे प्रोत्साहन आणि नियामकाचा दर या भिन्न गोष्टी आहेत. पहिले काही काळासाठी दिले जाते, दुसऱ्याला दरवर्षी स्वतःचे समर्थन करावे लागते. फेरविचाराचा अधिकार कोणत्याही एका पक्षाचा नसतो. ज्याला तो आज जाचक वाटतो, त्याला उद्या त्याचीच गरज पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वस्तूला दिलेले नाव तिच्या किमतीचा पहिला निर्णय असतो. धोरणकर्त्यांनी तुसाला टाकाऊ म्हटले आणि त्या एका शब्दावर वीजकेंद्रे, कर्जे व करार उभे राहिले. त्या शब्दाची दुरुस्ती करण्यासाठी आयोग, न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांना दहा वर्षांहून अधिक काळ खर्च करावा लागला. तिचा शेवटचा भाग, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरील काडीचे न्याय्य मोल, अद्याप लिहिला जावयाचा आहे.